भागक्काचा भागाकार

रेशनकार्डावर तिचं नाव भाग्यलक्ष्मी श्रीहरी जतकर असं होतं. पण हुबळीला लागून असलेल्या आमच्या उणकलच्या कॉलनीत एवढं लांब नाव घ्यायला कुणाला सवड नव्हती. दारावर येणाऱ्या भाजीवाल्या बायकांनी तिला भागक्का केलं, आणि तिच्याहून चांगली बारा वर्षांनी मोठी असलेली मीही तिला भागक्काच म्हणायला लागले.

आमची घरं समोरासमोर. तळ्याच्या अंगाला नवीन प्लॉट पडले तेव्हा दोन्ही घरं एकाच गवंड्यानं बांधली, त्यामुळं माझ्या न्हाणीघराचं दार पावसाळ्यात जिथं अडतं तिथंच तिचंही अडतं. मी हुबळीत एका हायस्कुलात गणित शिकवत होते. तिच्या नवऱ्याचं, श्रीहरीचं, दुर्गदबैलजवळ शिलाईच्या सामानाचं दुकान: बटणं, लेस, चेन, अस्तर, रिळं. सासरे विठ्ठलराव सकाळी गादीवर बसत आणि दुपारी घरी येऊन कन्नड पेपर मोठ्यानं वाचत. सगळ्या गल्लीला बातम्या फुकट मिळायच्या.

भागक्का कवठे महांकाळकडची. मराठी शाळेत दहावी. गणितात दोनदा नापास होऊन तिसऱ्या वेळी बरोबर पस्तीस. "चौतीस माझे, एक देवाचा," असं ती सांगायची. लग्न करून हुबळीला आली तेव्हा कन्नडचा एक शब्द येत नव्हता. ते तिनं कोथिंबिरीच्या जुडीपासून सुरू केलं आणि चार वर्षांत अशी तयार झाली की भांडणसुद्धा कन्नडमध्ये करायची.

तिची एकुलती एक मुलगी वेदश्री. चौऱ्याण्णव साली ती सात वर्षांची होती, दुसरीत. घरात तिची बडबड अखंड चालायची. जेवताना बोलायची, अंघोळ करताना बोलायची, मांजरीच्या वतीनंही तीच बोलायची. आमच्या ओट्यावर बसून मला दिवसभराची हकिकत सांगायची, आणि मी वह्या तपासत नुसतं "हं, हं" केलेलं तिला चालायचं नाही.

जानेवारीत तिच्या इंग्रजी शाळेतून चिठ्ठी आली. भागक्का इस्त्रीची साडी नेसून गेली. वर्गाच्या बाईंनी तिला खुर्ची दिली आणि शांतपणे सांगितलं, "दीड वर्षात तुमच्या मुलीनं वर्गात एक शब्द काढलेला नाही. हिला वेगळ्या शाळेत घाला."

"कसल्या वेगळ्या?"

"मुक्या मुलांची असते ना, तसल्या."

भागक्काला आधी हसूच आलं. घरी येऊन तिनं मला ते सांगितलं तेव्हाही ती हसत होती, पण हातातलं फुलपात्र तिनं घट्ट धरलं होतं. दुसऱ्या दिवशी डबा विसरल्याचं निमित्त करून ती शाळेत गेली आणि व्हरांड्यातल्या खिडकीशी उभी राहिली. आत पोरं हात हलवून गाणं म्हणत होती. वेदश्री शेवटून दुसऱ्या बाकावर, दोन्ही हात गुडघ्यांत दाबून, दात आवळून बसली होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आई ती आईच. तिला कळलं, पोरीला लघवीला जायचंय. जायचं तर उभं राहून इंग्रजीत विचारायला पाहिजे, आणि ते तिला जमत नव्हतं.

भागक्का चपला दाराशी काढून सरळ वर्गात शिरली. "येते हं," एवढंच ती बाईंना मराठीत म्हणाली आणि वेदश्रीला हाताला धरून बाहेर घेऊन आली. मोरीतून दोघी निघाल्या त्या परत वर्गाकडं वळल्याच नाहीत, थेट बसस्टॉपवर. दप्तर वर्गातच राहिलं. ते संध्याकाळी श्रीहरीनं जाऊन आणलं.

त्याच संध्याकाळी मी समजावायला गेले. "चांगलं केलंस काढलीस ते. आता एखादी कन्नड शाळा बघू."

"बघू की. जूनमध्ये. तोवर मी घरी शिकवते."

"तू? तुला काय येतं?"

आता आठवलं की माझीच मला लाज वाटते, पण मी असंच विचारलं होतं. वर हेही ऐकवलं की शिकवणं हे शास्त्र आहे, त्याला बी.एड. लागतं, मी चौदा वर्षं करतेय तरी मला अजून रोज तयारी करावी लागते. भागक्कानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला काय येत नाही ते मला पक्कं माहीत आहे, बाई. तेवढं तुमच्याकडं विचारायला येईन."

सोमवारपासून समोरच्या घरात शाळा भरली. भागक्कानं पुठ्ठ्यावर वेळापत्रक लिहून भिंतीला लावलं. नऊ वाजता ती ताटावर पळी आपटून घंटा द्यायची. वेदश्रीनं युनिफॉर्म घालून पाटावर ताठ बसायचं. पहिला तास गणित, दुसरा इंग्रजी, मग प्रार्थना राहिलीच म्हणून मध्येच प्रार्थना. उत्तर द्यायच्या आधी हात वर करायचा. भागक्काला शाळा म्हणून जे जे आठवत होतं ते सगळं तिनं जसंच्या तसं मांडलं होतं, फक्त छडी तेवढी नव्हती.

चौथ्या दिवशी वेदश्री घरातही गप्प झाली.

जेवताना गप्प, अंघोळीला गप्प. मांजर पायाशी येऊन घुटमळली तरी गप्प. भागक्का माझ्याकडं पळत आली. पहिल्यांदाच मी तिला रडताना बघितलं. "बाई, माझं चुकलं. तुम्ही म्हणत होता तेच खरं. मी होतं नव्हतं ते पण घालवलं."

माझ्याजवळ बी.एड.चं सर्टिफिकेट होतं, पण त्यावर काय करायचं हे काही मला सुचलं नाही. सुचलं ते विठ्ठलरावांना. पेपरची घडी घालत ते सुनेला म्हणाले, "अगं, पोरीला शाळेतनं काढलीस आणि शाळा उचलून घरी आणलीस. पोरीनं करायचं काय?"

भागक्कानं डोळे पुसले, वेळापत्रक भिंतीवरून काढलं आणि त्याचा पुठ्ठा चुलीच्या धगीला वारा घालायला वापरला. युनिफॉर्म कपाटात गेला. "आता महिनाभर शिकवायचं नाव नाही," तिनं जाहीर केलं. आणि खरंच ती शिकवायची थांबली.

त्या महिन्यात श्रीहरीनं दुकानातून बटणांची दोन पोती घरी पाठवली. कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याचा माल, सगळा एकत्र झालेला: दोन भोकांची, चार भोकांची, शिंपल्याची, कोटाची, पोलक्याची. ती वेगळी करून डझनाच्या कार्डांवर लावायची होती. भागक्का दुपारी चटई टाकून बसायची, वेदश्री शेजारी. पहिल्या दिवशी दोघी मुकाट्यानं बटणं निवडत होत्या. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. मी ओट्यावर कपडे वाळत घालत होते, आणि समोरून आवाज आला.

"आई, ह्या कार्डावर अकराच आहेत."

"असं? मोजलंस?"

"मोजायला कशाला पाहिजे? एक जागा मोकळी दिसतीय की."

मग ते थांबलंच नाही. कुठलं बटण राजाचं, कुठलं पोलिसाचं, हे निळं कुणाच्या अंगरख्यावरून पडलं असेल. दोन कार्डांची चोवीस, तीनची छत्तीस, असं करत बाराचा पाढा त्या पोरीनं पंधरा दिवसांत बटणांवरून उभा केला. लेस मापताना पाव मीटर, अर्धा मीटर, पाऊण मीटर आलं. रिळांच्या डब्यांवरची नावं वाचता वाचता इंग्रजी अक्षरं आली. दुपारी विठ्ठलरावांच्या मांडीला टेकून ती पेपरातले मोठे मथळे वाचायची, ते कन्नड. मराठी तर भागक्काच्या आईची पत्रं यायची त्यातून. जून आला तसा गेला. कन्नड शाळेचा विषय भागक्कानंही काढला नाही, मीही काढला नाही.

आणि मग एके दिवशी संध्याकाळी ती पाटी घेऊन माझ्या दारात उभी राहिली. मागं वेदश्री.

"बाई, आता अडलं. तिला भागाकार पाहिजे. दोनशे अठ्ठ्याऐंशी बटणं चौदा शिंप्यांना वाटायची म्हणती. नाव भागक्का, आणि भागाकार येत नाही!" असं म्हणून ती स्वतःच खळखळून हसली.

मी वेदश्रीला आत घेतलं आणि भागक्काला म्हटलं, "तू जा, स्वयंपाक कर. तासाभरानं ने."

"छे! मीपण बसते. मला आला नाही तर उद्या घरी हिच्याबरोबर कोण बसणार?"

दोघी मायलेकी माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. मी समजावलं. वेदश्रीला दुसऱ्या उदाहरणात समजलं. भागक्काचं गाडं मात्र बाकीशेजारी पुढचा आकडा खाली घेण्यापाशी अडायचं. तीन संध्याकाळी गेल्या. चौथ्या संध्याकाळी मी तिसऱ्यांदा तेच सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात वेदश्री म्हणाली, "थांबा बाई, मी सांगते." आणि आईच्या हातातून पेन्सिल घेऊन तिनं सांगितलं. माझ्यासारखं नाही, तिच्या पद्धतीनं: "आई, उरलेली बटणं टाकून द्यायची नाहीत. शेजारच्या आकड्यातल्या बटणांबरोबर परत पोत्यात घालायची आणि परत वाटायची."

"असं व्हय!" भागक्का ओरडली. "हे मला वीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर!"

माझ्या वर्गात पंचावन्न मुली होत्या. त्यातल्या एकीनं तरी कधी "थांबा बाई, मी सांगते" म्हटलं होतं का, मला आठवेना. दुसऱ्या दिवशी मी वर्गात एका उदाहरणाशी मुद्दाम अडून उभी राहिले. मग मागून एक हात वर आला. तेव्हापासून मी अधूनमधून अडायला शिकले.

बाहेरच्या माणसांशी मात्र वेदश्री अजून बोलत नव्हती. मी, घरचे आणि मांजर, एवढ्यांशीच. पाहुणा आला की ती आईच्या पदरामागं. भागक्कानं तिला कधी "बोल की गं" म्हणून ढकललं नाही. पण घरातही कोंडून ठेवलं नाही. जिथं स्वतः जाईल तिथं तिला न्यायची: पिठाच्या गिरणीत, पोस्टात, तळ्यावर पाणकोंबड्या मोजायला.

शहाण्णवच्या फेब्रुवारीत वर्षाच्या मिरच्या घ्यायला आम्ही तिघी अमरगोळच्या मार्केट यार्डात गेलो. दोन्ही घरांच्या आणि श्रीहरीच्या नातेवाइकांच्या मिळून घ्यायच्या होत्या. मिरच्यांचे लालभडक ढीग डोक्याएवढे. वाऱ्याची एक झुळूक आली की सगळं यार्ड शिंकायचं. व्यापारी शिंकत होते, गिऱ्हाईकं शिंकत होती, मी तर पदरात तोंड खुपसून बसले होते. वेदश्री आईच्या शिंका मोजत होती. अकरापर्यंत आली आणि तिचं लक्ष एका हमालाकडं गेलं. मारुती त्याचं नाव, कुणीतरी त्याला हाक मारली म्हणून कळलं. पाठीवर पोतं, घामानं निथळलेला, आणि तो एकदाही शिंकत नव्हता. वेदश्री त्याच्याकडं बघत राहिली. मग आईचा पदर सोडून चार पावलं पुढं गेली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "अण्णा, निमग सीन बरूदिल्लेन्री?"

तुम्हाला शिंक येत नाही का हो?

मारुतीनं पोतं खाली ठेवलं. त्याला काय माहीत की हे काय घडतंय! त्यानं कपाळ पुसलं आणि तिला सविस्तर सांगितलं की पहिल्या वर्षी त्यालाही यायच्या, इतक्या की जेवता यायचं नाही. मग नाकालाच सवय झाली. आणि आता दिवाळीत मिरचीचं काम नसतं तेव्हा घरी उगाच शिंका येतात. वेदश्रीनं आणखी दोन प्रश्न विचारले. त्यानं दोन्हींची उत्तरं दिली.

भागक्का जागची हलली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिथं सगळ्यांच्याच डोळ्यांतून वाहत होतं, त्यामुळं कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

इथवर सगळं सरळ आलं म्हणावं, तोच सुमंत आला. सुमंत श्रीहरीचा चुलतभाऊ, धारवाडला सप्तापुरात राहणारा, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा. माणूस वाईट नव्हता, पण समोर लहान मूल दिसलं की त्याला परीक्षा घेतल्याशिवाय चैन पडायचं नाही. घरात सत्यनारायणाची पूजा होती. वीस-पंचवीस माणसं. प्रसाद घेता घेता सुमंत म्हणाला, "काय वेदश्री, घरी शिकतेस म्हणे. सतरा नवे किती?"

वेदश्री त्याच्याकडं बघत राहिली.

"बरं, ते राहू दे. ओरिसाची राजधानी?"

गप्प.

"आपण पृथ्वीवरून पडत का नाही?"

गप्पच. सुमंतनं प्रसादाची वाटी खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वहिनी, राग मानू नका, पण तुम्ही पोरीचं वाटोळं करताय. दहावी पास बाईनं हा खेळ करू नये."

भागक्कानं सगळ्यांना वाढलं, सगळ्यांना हळदीकुंकू दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तर ती वेदश्रीला घेऊन फाटकाशी उभी. हातात जवळच्या शाळेचा प्रवेशाचा फॉर्म. "बाई, ह्यावर तुमची सही पाहिजे. ओळखीचे म्हणून. बास झालं आता. माझा हट्ट, आणि शिक्षा पोरीला."

दोन वर्षांपूर्वी मी ती सही आनंदानं केली असती. आता पेन काढलं, पण सही करावीशी वाटेना. म्हणून वेदश्रीलाच विचारलं, "काय गं, काल काकांना सांगितलं का नाहीस? सतरा नवे तुला येत नाहीत?"

"एकशे त्रेपन्न."

"मग?"

ती जरा अवघडली. आईकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "काका एवढे प्रोफेसर आहेत आणि त्यांना सतरा नवे येत नाहीत, ओरिसाची राजधानी पण माहीत नाही. एवढ्या माणसांत मी सांगितलं असतं तर त्यांना किती वाईट वाटलं असतं!"

मला क्षणभर अर्थच लागला नाही. मग लागला. त्या घरात प्रश्न विचारायचा तो ज्याला येत नाही त्यानं. आई विचारायची कारण आईला येत नसायचं. आजोबा चष्मा सापडत नसला की अक्षर विचारायचे. ज्याला उत्तर ठाऊक आहे तोही प्रश्न विचारतो, ही रीत त्या पोरीला कुणी शिकवलीच नव्हती.

मी आणि भागक्का फाटकाशी उभ्या राहून इतक्या हसलो की माझी पावणेनऊची बस गेली. फॉर्म तिनं घडी घालून कमरेला खोचला. तो पुढं कुठं गेला कुणास ठाऊक.

सुमंतला मात्र वेदश्रीनं त्याच आठवड्यात एक पोस्टकार्ड पाठवलं. त्यात सतरा नवे एकशे त्रेपन्न आणि भुवनेश्वर ही दोन्ही उत्तरं लिहिली होती, "पृथ्वीचं मला अजून माहीत नाही, विचारून कळवते" असं लिहिलं होतं, आणि खाली स्वतःचा एक प्रश्न घातला होता: उणकलच्या तळ्यातली जलपर्णी एवढी जड असून बुडत का नाही? हा प्रश्न तिला खरोखरच पडला होता. पुढच्या रविवारी सुमंत स्वतः आला, हातात ब्लेड आणि भिंग घेऊन. दोघांनी तळ्यातून एक रोप काढलं, त्याचा फुगलेला देठ आडवा कापला आणि आतल्या हवेच्या पोकळ्या भिंगातून बघत अख्खी सकाळ घालवली. जाताना तो म्हणाला, "वहिनी, हिला महिन्यातून दोन रविवार माझ्याकडं पाठवा." सत्यनारायणाचा विषय त्यानं काढला नाही. भागक्कानंही नाही. तिनं त्याला डब्यात शेंगाची होळगी, म्हणजे दाण्याची गोड पोळी, बांधून दिली.

पुढची सहा-सात वर्षं अशीच गेली. सगळं गोड होतं असं नाही. भूमिती आली तेव्हा मायलेकींची चार दिवस बोलाचाली बंद होती. एक अख्खा पावसाळा वेदश्रीनं कादंबऱ्या वाचण्यापलीकडं काही केलं नाही, आणि भागक्का रोज मला विचारायची, "बाई, हे चालतं का हो?" मला तरी कुठं ठाऊक होतं? विजेचा धडा कळेना तेव्हा तिनं पोरीला मिक्सर दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात आठवडाभर बसवलं. इंग्रजी बोलायला शेजारच्या गल्लीतल्या रिटायर्ड स्टेशनमास्तरांना गाठलं. त्यांनाही बोलायला माणूस हवाच होता. भागक्कानं एकटीनं सगळं शिकवलं असं मी म्हणणार नाही, तीही म्हणत नाही. कुणाला काय येतं ते तिनं शोधलं, तिथवर पोरीला नेलं, आणि स्वतःही शेजारी बसली.

दोन हजार तीन साली वेदश्री खासगी उमेदवार म्हणून एसएसएलसीला, म्हणजे इकडच्या दहावीला, बसली. फॉर्म भरायला मीही बरोबर होते. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "आधीची शाळा कुठली?"

"घर," भागक्का म्हणाली.

"नाव काय शाळेचं?"

"अहो, घर. उणकलला. हवं तर बघायला या, चहा पण मिळेल."

त्यानं मान वर करून बघितलं, हसला, आणि त्या रकान्यात एक आडवी रेघ मारली.

परीक्षेच्या केंद्राबाहेर भागक्का रोज तीन तास उन्हात उभी राहायची. मी म्हटलं, "घरी जा की, मी आहे." ती म्हणाली, "आत तिला काही अडलं आणि विचारता आलं नाही तर?" पण तसं काही झालं नाही. गणिताच्या पेपराच्या दिवशी वेदश्रीनं हात वर करून पुरवणी मागितली, पाणी मागितलं, आणि पंखा सुरू करायला सांगितलं. बाहेर आल्यावर तिनं हे सांगितलं तेव्हा भागक्कानं पेपर कसा गेला हे विचारलंच नाही.

निकाल लागला. ती पहिली-बिहिली आली नाही. एकाहत्तर टक्के. गणितात त्रेपन्न. "माझ्यापेक्षा अठरा जास्त!" असं म्हणत भागक्कानं सगळ्या कॉलनीत पेढे वाटले. पुढं वेदश्री धारवाडला कॉलेजात गेली, बी.एस्सी. झाली, आणि दोन हजार नऊपासून बियाणं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. ओल्या कागदावर शंभर दाणे पसरायचे, त्यातले किती उगवले ते बघायचं. चारचौघांत ती अजूनही कमीच बोलते. पण बोलायचं असलं की बोलते.

आता भागक्काकडं लोक येतात. कुणाचं पोर वर्गात बसत नाही, कुणाचं रोज सकाळी पोट दुखतं. ती सगळ्यांना "घरी ठेवा" असं सांगत नाही. एका बाईंना तर तिनं स्पष्ट सांगितलं, "तुमच्या पोराला शाळा आवडते, तुम्हालाच आवडत नाही. त्याला जाऊ द्या."

दोन हजार सात साली बँकेत नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांची पत्नी आली, वत्सला म्हणून. तिचा अक्षय तिसरीत. वह्या कोऱ्या, रोज मार खायचा. मी तेव्हा नुकतीच रिटायर झाले होते आणि दुपारी भागक्काकडंच असायचे. वत्सला बी.कॉम. होती. तरी खुर्चीच्या कडेवर बसून पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती, "अक्का, मला जमेल का? मला शिकवायचं काही ट्रेनिंग नाही."

भागक्कानं तिला विचारलं, "अक्षय रुसला की कुठं जाऊन बसतो?"

"जिन्याखाली."

"भूक लागली की काय करतो?"

"भांडतो."

"आणि खोटं बोलतो तेव्हा?"

वत्सलाला हसू आलं. "कान खाजवतो."

"हे बघा," भागक्का म्हणाली, "एवढं कळायला आमच्या ह्या बाईंना एका पोरामागं वर्ष लागायचं. पंचावन्न पोरं. विचारा त्यांना. तुमचं ते वर्ष आधीच झालंय. आता राहिलं काय, तर पुस्तक. ते छापलेलं असतं, वाचता येतं. नाही कळलं तर विचारायचं. मला कुठं काही येत होतं?"

वत्सला माझ्याकडं बघायला लागली. सत्तावीस वर्षं मी शिकवलं होतं. मी म्हटलं, "खरं आहे ती म्हणते ते. आणि सुरुवातीला एक महिना काहीही शिकवू नकोस."

वत्सलानं जूनपासून सुरू केलं. अक्षय दोन वर्षं घरी शिकला, मग मित्र हवेत म्हणून आपणहून शाळेत गेला, आणि टिकला. पण तो न शिकवण्याचा महिना संपवून पुस्तक काढलं तेव्हाचे दोन-तीन आठवडे वत्सलाला अवघड गेले. रोज फोन यायचा. एकदा आम्ही दोघी दुकानात होतो. भागक्का कुणासाठी तरी लेस कापत होती आणि फोन वाजला. वत्सलाचा रडवेला आवाज मला लांबूनही ऐकू येत होता. आज काहीच जमलं नाही, पोरानं पुस्तक उघडलं नाही, मी ओरडले, तो जिन्याखाली जाऊन बसलाय.

भागक्कानं फोन खांद्यात धरला आणि लेसचं टोक दातांत.

"मग आज सुट्टी द्या की," ती म्हणाली. "सुट्टी द्यायचा हक्क हेडमास्तरांचा असतो, आणि तुमच्या शाळेच्या हेडमास्तर तुम्हीच."

पलीकडून वत्सला फोनपासून लांब जाऊन ओरडल्यासारखा आवाज आला, "अक्षय, ये रे बाहेर, आज सुट्टी!" आणि जिन्यावरून धडधडत पाय पळत गेल्याचा.